विश्लेषण : नक्षी शाबूत, तरी टायर बाद कसा? कमी धावणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी किलोमीटरऐवजी वर्षे का मोजावीत?

कळंबसारख्या तालुक्याच्या गावात घरची मोटार रोज धावत नाही. रोजच्या कामाला दुचाकी असते. मोटार निघते ती लग्नकार्याला यवतमाळला, शिकणाऱ्या मुलांकडे नागपूरला, दिवाळीनंतर पुण्याला. नाहीतर मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली तर सावंगी किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे. एरवी ती टिनाच्या शेडखाली किंवा थेट उन्हात उभी असते. सात-आठ वर्षांत तीस-पस्तीस हजार किलोमीटर झालेले असतात, टायरवरची नक्षी ठळक दिसत असते आणि ‘टायर अजून नव्यासारखेच आहेत’ असे मालक समाधानाने सांगतो. हे समाधान तपासून पाहण्याची गरज आहे. टायर झिजून जसा संपतो, तसा वय होऊनही संपतो. यवतमाळ जिल्ह्यातील उन्हात कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरचे वय बहुतेकदा झिजेच्या आधी भरते.

टायर ‘म्हातारा’ होतो म्हणजे काय होते?

कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने त्याला गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली आणि पुढे टायरचा उद्योग त्यावरच उभा राहिला. मात्र ही टिकाऊपणाची मुदत कायमची नसते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन रबरावर सतत काम करीत असतात. रबर हळूहळू कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि त्याला बारीक तडे पडू लागतात.

हे लांबवण्यासाठी टायर बनवतानाच रबरात मेणासारखे आणि ऑक्सिजनला रोखणारे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरतो, दबतो, पुन्हा उसळतो, तेव्हा हे पदार्थ आतून पृष्ठभागावर येतात आणि त्याला संरक्षण देतात. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. शिवाय गाडीचा सगळा भार त्याच्या एकाच भागावर पडून राहतो. म्हणजे ‘गाडी वापरलीच नाही, टायर खराब कसे होतील?’ या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच आहे. न वापरल्यामुळे नक्षी वाचते, रबर वाचत नाही.

अधिक धोकादायक बदल डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात आणि ते रबरानेच एकमेकांना धरून ठेवलेले असतात. आत दाबाने भरलेल्या हवेतील ऑक्सिजन बाहेर झिरपताना या रबरातूनच जातो. ही पकड सैल झाली की वेगात असताना पट्टा सुटतो आणि वरची नक्षीच सालासारखी सोलून निघते. अशा टायरची नक्षी शेवटच्या क्षणापर्यंत उत्तम दिसू शकते.

विदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर का?

कारण उष्णता. तापमान दर दहा अंशांनी वाढले की रासायनिक प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारचा डांबरी रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. म्हणजे थंड प्रदेशात दहा वर्षांत होणारे नुकसान इथे त्याआधीच होणार, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

तरीही आकडा हवा असेल तर अमेरिकेचा आहे. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा यंत्रणेने एका विमा कंपनीची २००२ ते २००६ या काळातील माहिती तपासली. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उष्ण राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्केच विमाधारक होते. पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे याच राज्यांतून आले होते. त्यांपैकी ८४ टक्के दाव्यांमधील टायर सहा वर्षांहून जुने होते. ऊन आणि वय यांची जोडी काय करते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

दुसरे कारण रस्त्यांचे. चिंतामणीच्या दर्शनासाठी चतुर्थीला गर्दी होणारे कळंब नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. हा महामार्ग चौपदरी झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. वर्धा किंवा धामणगावकडून समृद्धी महामार्ग गाठता येतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. तिथे मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. लहान मोटारीच्या टायरचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. या वेगाने टायरचा प्रत्येक भाग तासाला सुमारे ६५ हजार वेळा रस्त्यावर दबतो आणि उसळतो. वर्षभर गावातल्या गावात तीस-चाळीसच्या वेगाने फिरलेला आठ वर्षांचा टायर दिवाळीनंतर अचानक या परीक्षेला बसतो. गाडीत पाच माणसे आणि डिकीत फराळाचे डबे, सामान. टायर कमकुवत असला तर त्याची कसोटी नेमकी अशाच दिवशी लागते.

टायरचे वय कसे ओळखायचे?

त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर रोमन लिपीत ‘डीओटी’ ही अक्षरे आणि त्यापुढे लांब सांकेतिक क्रमांक असतो, किंवा लंबगोल चौकटीत नुसते चार आकडे असतात. शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ असे असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे त्या वर्षीच्या जूनच्या सुरुवातीला तयार झाला.

हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेलेली असू शकते. बाहेरून दिसले नाहीत तर मोबाइलच्या उजेडात आतून पाहावे किंवा पंक्चर काढताना चाक खाली उतरले की वाचून घ्यावे. पाचही टायरचे पाहावे. पाचवा म्हणजे स्टेपनी. ती कधी रस्त्याला लागलेली नसते, म्हणून नवी समजली जाते; प्रत्यक्षात ती गाडीइतकीच जुनी असते आणि हवेच्या दाबाखाली डिकीच्या उकाड्यात तितकीच वर्षे पडून असते. दोन टायर बदलून पैसे वाचवायला जुनी स्टेपनी पुढे लावण्याची पद्धत म्हणूनच धोक्याची आहे.

मग नेमके किती वर्षांनी बदलायचे?

सर्वांना लागू होईल असा एक आकडा नाही. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. मिशेलिनसारखी टायर कंपनी वापराची पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि निर्मितीपासून दहा वर्षांनी, टायर कसाही दिसत असला तरी, बदल असे सांगते. ‘हा सगळा टायर खपवण्याचा धंदा’ असा संशय अनेकांना येतो. पण टायर विकणारी कंपनीच दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगते आणि मोटार विकणारी त्याहून कमी, हे लक्षात घेतले तर या संशयात फारसा दम राहत नाही.

दहा वर्षे ही शेवटची रेघ आहे, लक्ष्य नव्हे. आपल्याकडील ऊन, उघड्यावर उभ्या गाड्या आणि हवेकडे होणारे दुर्लक्ष पाहता पाचव्या वर्षापासून दरवर्षी उन्हाळ्याआधी तपासणी आणि सहा-सात वर्षांनी बदल, हा हिशेब शहाणपणाचा ठरतो. सावलीत ठेवलेल्या, हवा नियमित तपासलेल्या आणि तडे नसलेल्या टायरला सातवे वर्ष देता येईल. उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि महामार्गावर जाणाऱ्या गाडीला देऊ नये.

आपल्याला किलोमीटर मोजायचे की वर्षे, हे ठरवायला साधे गणित आहे. चांगल्या वापरात मोटारीचा टायर साधारण ४०-५० हजार किलोमीटर जातो. ४५ हजारांना सहाने भागले तर वर्षाला साडेसात हजार येतात. ज्यांची गाडी वर्षाला याहून अधिक धावते, त्यांचा टायर आधी झिजेल. त्यांनी नक्षीकडे पाहावे. ज्यांची त्याहून कमी धावते, त्यांचा टायर आधी वयाने जाईल. त्यांनी तारखेकडे पाहावे. तालुक्याच्या गावातील बऱ्याच घरगुती गाड्या दुसऱ्या गटात मोडतात.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा कोणत्या?

वय कमी असले तरी काही खुणा दिसताच टायर बदलावा लागतो.

• नक्षीची खोली : नव्या टायरला ती सात-आठ मिलिमीटर असते. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली; टायर तिथेच संपला. पण पावसाळ्यासाठी तेवढ्यावर थांबू नये. खाचांचे काम टायरखालचे पाणी बाहेर फेकण्याचे आहे. त्या उथळ झाल्या की ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि पाणी साचलेल्या जागी चाक तरंगल्यासारखे होते. जूनमध्ये शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आणला की घसरण आणखी वाढते. तीन मिलिमीटर राहिली की पावसाळ्याआधीच टायर बदलणे चांगले.

• तडे : बाजूच्या भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी भेगाळलेल्या जमिनीसारखे जाळे दिसले तर रबर वाळले असे समजावे. काळे पॉलिश मारलेल्या टायरवर हे तडे लपतात. आधी टायर धुवावा, मग पाहावे.

• फुगा : खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. यावर दुरुस्ती नाही. असा टायर घेऊन पुढच्या गावापर्यंतही जाऊ नये, तिथेच स्टेपनी लावावी.

• थरथर आणि धडधड : बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत असेल किंवा एका चाकातून ठरावीक लयीत धडधड येत असेल तर आतला पट्टा सुटत असण्याची शक्यता आहे.

• एका बाजूची झीज : हा अलाइनमेंट बिघडल्याचा परिणाम. नुसता टायर बदलला तर नवाही तसाच जाईल.

• पंक्चर : रस्त्याला टेकणाऱ्या भागातले छोटे पंक्चर काढता येते, बाजूच्या भिंतीतले नाही. कमी हवेवर बराच चाललेला टायर आतून चुरडलेला असतो. रिमवरून काढून आत काळा भुगा दिसतो का, हे पंक्चरवाल्याला पाहायला सांगावे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही. गावोगावी दिला जाणारा हा सल्ला उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या भिंती प्रत्येक फेरीला अधिक वाकतात आणि त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. उष्णतेने टायर फुटण्यामागे बाहेरच्या तापमानापेक्षा ही आतली उष्णता अधिक कारणीभूत असते. ‘सिमेंटचा रस्ता टायर फोडतो’ हा समजही अर्धवट आहे. सिमेंटच्या लांब, सरळ रस्त्यावर वेग तासन् तास टिकून राहतो आणि कमी हवेचा किंवा जुना टायर तो ताण सहन करू शकत नाही.

किती हवा भरायची, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बहुधा वेगळा असतो. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, तेवढी हवा भरावी. प्रवासात दाब वाढला म्हणून हवा सोडू नये. तो वाढणार हे गृहीत धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. नायट्रोजन भरल्याने दाब थोडा अधिक काळ टिकतो, पण आठ वर्षांचा टायर त्याने तरुण होत नाही.

खरेदी करताना काय पाहावे?

दुकानातील ‘नवा’ टायरही दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. पैसे देण्यापूर्वी ते चार आकडे वाचावेत आणि शक्यतो वर्षभराच्या आतील टायर मागावा. आयएसआय चिन्ह पाहावे. गाडीच्या कंपनीने सांगितलेला आकार, भारक्षमता आणि वेगाची श्रेणी बदलू नये. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावावेत. हे अनेकांना पटत नाही. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते.

जुनी मोटार घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग पाहतात, कागदपत्रे तपासतात. पाच टायरच्या तारखाही पाहाव्यात. टायर सात वर्षांचे असतील तर त्यांची किंमत सौद्यातून वजा करून मागणे रास्त आहे.

कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारीच्या नक्षीच्या खोलीची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर ठरवली आहे. टायरच्या वयाबद्दल मात्र हे नियम काही बोलत नाहीत. दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि मधल्या काळात तिचे टायर पाहणारी कोणतीही नियमित तपासणी नाही. पीयूसी केंद्रावर धूर मोजतात, टायर पाहत नाहीत. विम्याचे नूतनीकरण मोबाइलवर होते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न एका आईने लावून धरला. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा मृत्यू झाला. तो टायर एकोणीस वर्षांहून जुना निघाला. नक्षी मात्र कायदेशीर होती. मृतांपैकी एका तरुणाची आई फ्रान्सिस मलॉय यांनी अनेक वर्षे मोहीम चालवली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी आली.

‘टायर फुटला’ हे कारण की सबब?

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने मात्र ती शक्यता नाकारली. हा प्रसंग इथे मुद्दाम आठवायला हवा. ‘टायर फुटला’ असे म्हटले की आपल्याकडे पुढचे प्रश्न थांबतात. जणू ती वीज पडण्यासारखी, कुणाच्याच हातात नसलेली गोष्ट. टायर फुटला नसताना ती सबब होते. आणि खरोखर फुटला असेल, तर तो किती वर्षांचा होता, त्यात हवा किती होती, शेवटचा कधी पाहिला, हे विचारायचे राहून जाते. टायर दैवाने क्वचितच फुटतो. बहुतेकदा त्याआधी त्याने सूचना दिलेली असते, किंवा ती तारीख तरी भिंतीवर छापलेली असतेच.

काय व्हायला हवे?

खर्चाचा प्रश्न खरा आहे. लहान मोटारीचे चार टायर साधारण १६ ते २० हजारांत येतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे दोन-अडीच क्विंटल कापूस फक्त टायरला. कापसावर घर चालणाऱ्या तालुक्यात ‘नक्षी आहे तोवर चालवू’ असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण सहा वर्षांत विभागला तर हा खर्च महिन्याला तीनशे रुपयांच्या आत येतो. चारही एकदम जमत नसतील तर यंदा दोन, पुढच्या वर्षी दोन बदलावेत. पण सर्वांत जुने आधी.

सरकारकडून तीन गोष्टी व्हाव्यात आणि त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही. पहिली : टायरच्या पक्क्या बिलावर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिणे बंधनकारक करावे. दुसरी : पीयूसी केंद्रावर गाडी येतेच, तिथे टायरच्या तारखा आणि नक्षीची नोंद करून मालकाच्या हातात द्यावी, सुरुवातीला दंड नको, नुसती माहिती पुरे. तिसरी : शाळेच्या व्हॅन, काळी-पिवळी आणि खासगी बस यांच्या टायरला वयाची मर्यादा घालावी, कारण त्यात बसणाऱ्याला टायर तपासण्याची संधीच नसते.

हे नियम होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक मालकाला आजच करता येण्यासारखे काम पाच मिनिटांचे आहे. पाचही टायरवरचे चार-चार आकडे वाचून विम्याच्या कागदाच्या मागे लिहून ठेवावेत. ज्या रात्री गाडी खरोखर लागेल, त्या रात्री तारीख पाहायला वेळ नसेल.